पुढाऱ्याला आपलं जगणं कळतं का, हे कसं ओळखावं

एकवीस वर्षं मी सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून दिले. निवृत्तिवेतन, दाखले, नावातल्या दुरुस्त्या. तिथे पाहणीला येणारे लोकप्रतिनिधी जवळून पाहिले, बड्या घरचे आणि साध्या घरचेही. कोणाला लोकांचं दुखणं कळतं हे ताडायची माझी एक रीत त्यातून ठरली. मत द्यायच्या आधी कोणालाही वापरता येईल, म्हणून सांगते.

आधी एक करा: जन्म बघून निकाल देऊ नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट गर्भश्रीमंत. १९२१ साली पोलिओने पाय गेले आणि उपचारासाठी ते जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला जाऊ लागले. तिथल्या छोट्या घराचं विजेचं बिल आलं, तर दर न्यूयॉर्ककडच्या त्यांच्या घरापेक्षा चौपट! विजेचे दर आणि शेतकऱ्यांच्या घरची वीज या विषयाचा आपला अभ्यास तिथून सुरू झाला, असं त्यांनी १९३८ च्या भाषणात सांगितलं. त्याआधी, १९३५ मध्ये, त्यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं उभं केलंही होतं. ब्रिटनचे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटलीही सुखवस्तू घरातले. १९०५ पासून ते लंडनच्या गरीब ईस्ट एंडमधल्या मुलांच्या क्लबात जाऊ लागले, पुढे तिथेच राहिले. त्यांच्या सरकारने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, आणि ती उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेले. दोघांचीही गरज होती, असं माझं मत आहे.

मग श्रीमंतीत वाढलेल्याला कळत नाही ते काय? महागाईचे आकडे त्याला पाठ असतात. हेलपाटा माहीत नसतो. त्याची कामं दुसरं कोणीतरी करून आणतं. रांगेत उभं राहिल्यावर खिडकी बंद होणं, उद्या या म्हणणं, त्या उद्यासाठी पुन्हा मजुरी बुडवणं, हे त्याच्या अंगावरून कधी गेलेलंच नसतं.

म्हणून प्रश्न हेलपाट्याचाच विचारा. मी असा विचारते: "नवरा वारलेल्या बाईला निवृत्तिवेतन सुरू करायचंय. पहिल्या दिवसापासून सांगा, ती कुठे जाते, काय नेते?" 'आता सगळं ऑनलाइन आहे' एवढ्यावर उत्तर थांबलं, की समजा, त्या बाईला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. जाणकार माणूस उलट तुम्हालाच विचारतो: तिला वाचता येतं का, मूल कोणाकडे ठेवते, कामावरून सुट्टी मिळते का? मग दुसरा प्रश्न टाका: "दोन कागदांवर नावाची वेलांटी वेगळी निघाली तर?" या एका वेलांटीपायी महिनोन्‌महिने पैसे अडकलेल्या बाया माझ्या टेबलापाशी रडल्या आहेत. उत्तर देताना घाई करू देऊ नका. गप्प राहा, थांबा.

'मी गरिबीतून वर आलोय' हे ऐकून लगेच विरघळू नका. शेवटचं रांगेत कधी उभे राहिलात, ते विचारा. वर आलेली काही माणसं फार कठोर होतात. मला जमलं, यांना का जमू नये, असं त्यांना मनापासून वाटतं.

यानंतर विचारा, लोकांना भेटून तुमचं कोणतं मत बदललं, आणि त्यावर पुढे काय केलंत? रूझवेल्टांच्या बिलासारखी एक तरी गोष्ट निघायला हवी. सभागृहातले त्यांचे प्रश्न आणि मतदान वाचायला मिळत असेल तर जरूर वाचा. भेटीगाठींच्या फोटोंवर वेळ घालवू नका.

आणि पक्षालाही विचारा, पगारावर जगणाऱ्या किती जणांना उमेदवारी दिलीत? ब्रिटनमध्ये खासदारांना १९११ पर्यंत पगारच नव्हता. त्या वर्षी तो वर्षाला ४०० पौंड ठरला. तोवर ज्याच्या घरी उत्पन्न नाही, त्याने संसदेत बसायचं तर संघटनेने पोसायला हवं.

उत्तरं तारखेसह वहीत लिहा, त्यांच्याच शब्दांत. निवडून आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारा. वेलांटीचा प्रश्न मी एका बड्या घरच्या प्रतिनिधीला चार वर्षांच्या अंतराने दोनदा विचारला. पहिल्यांदा ते म्हणाले, "माहिती घेतो." दुसऱ्यांदा त्यांनी कोणता अर्ज, कोणती खिडकी, कोणाची सही हे न अडखळता सांगितलं, आणि म्हणाले, "ती सही काढून टाकायला लावतोय, तिचा काही उपयोग नाही."