हुशार मुलाला जास्तीचं शुद्धलेखन देऊ नका

पंचवटीतल्या मराठी शाळेत मी प्राथमिकचे वर्ग घेते. जोडाक्षरं शिकवायच्या आधीच वर्तमानपत्राचे मथळे वाचणारं एखादं मूल वर्गात येतंच. बऱ्याचदा त्याला आणखी दोन पानं शुद्धलेखन देतात, नाहीतर मागे पडलेल्यांना शिकवायला बसवतात. दोन्ही टाळा. येतंय तेच पुन्हा गिरवून लिहिण्याचा कंटाळा येतो, आणि शिकवणं हे आपलं काम आहे, त्या लेकराचं नाही.

आधी त्याला नेमकं काय येतं ते पाहा. भराभर वाचलं म्हणजे समजलं असं नाही. अनोळखी उतारा वाचायला द्या, मग पुस्तक मिटून विचारा: काय झालं, कशामुळे झालं, आणि लिहिणाऱ्याने काय सांगितलंच नाही? तिसऱ्या प्रश्नाला अडखळलं, तर तिथूनच सुरुवात करा. धडा येत असेल तर त्याच्या स्वाध्यायातून मुलाला मोकळं करा.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ करून घेऊ नका, शोधायला लावा. फळ्यावर एका बाजूला फूल, दूध, पीठ, कीड. समोर फुलाला, दुधाला, पिठाला, किडीला. काय बदललं? मुलं नियम स्वतःच मांडतात. मग ‘गुण’ आणि ‘विष’ लिहा. नियम मोडलेला दिसला की ती वाद घालतात, आणि तो वाद घडायलाच हवा. हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेत, हे अगदी शेवटी सांगा.

लेखनाला मात्र भरपूर वेळ द्या, कारण ही मुलं अडतात ती इथेच. डोकं पुढे धावतं, बोटं मागे राहतात. मग तोंडाने सहलीचं तासभर वर्णन करणारं पोर वहीत ‘सहलीला गेलो. मजा आली.’ एवढंच लिहितं आणि आपण त्याला आळशी म्हणतो. हा आळस नव्हे. त्याला बोलू द्या, फोनवर रेकॉर्ड करा. मग आपलंच बोलणं ऐकून त्यातली सर्वांत चांगली पाच वाक्यं त्याने निवडायची आणि स्वतःच्या हाताने लिहायची. अक्षराचा सराव वेगळ्या वेळी घ्या.

विषय देताना वाचणारा कोण, तेही ठरवून द्या. माझा ठरलेला विषय आहे: रविवार कारंजावर उतरलेल्या पाहुण्यासाठी काळाराम मंदिरापर्यंतची वाट लिहा. पहिल्या खेपेला ‘सरळ जा, मग वळा’ असंच येतं. तो कागद दुसऱ्या मुलाच्या हातात द्या. लिहिलंय तेवढंच वाचून त्याने नकाशावर बोट फिरवायचं. होळकर पूल लिहायचा राहिला की पाहुणा गोदावरीच्या अलीकडेच! लिहिणारं मूल लगेच कागद ओढून घेतं आणि दुरुस्त करायला बसतं. लाल पेनाने हे कधीच साधलं नसतं. दुसऱ्या खर्ड्यात एकच गोष्ट सुधारायला सांगा, सगळ्या नाही.

चौथीतल्यांसाठी त्याच मंदिरापाशी मोठा विषय आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याविषयीचे दोन वेगळे उतारे शेजारी ठेवा. एका मुलीने मला विचारलं, “बाई, ‘दरवाजे बंद होते’ असं दोन्हीकडे लिहिलंय. पण बंद कुणी केले, ते का नाही लिहिलं?” वाचन यायला लागलं म्हणतात ते हे. अशा प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. प्रश्न वहीत उतरवू द्या आणि उत्तर शोधायला वाचनालयात न्या.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. मुलांना तिथे घेऊन जा. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वाचता येतं म्हणून मोठ्यांची कादंबरी हातात देऊ नका. आठ वर्षांच्या मनाला त्यातली हिंसा सोसत नाही. आणि सोपं, आवडतं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत असेल तर अडवू नका.

पालकांनो, मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून त्याला वाचून दाखवणं बंद करू नका. त्याला एकट्याला झेपणार नाही असं पुस्तक निवडा, रोज थोडं वाचा. अडलेला शब्द तुम्हालाही येत नसेल तर त्याच्यासमोरच शब्दकोश उघडा.