सेंचा कडू होतो तो पाण्यामुळे

चांगला सेंचा, म्हणजे जपानी हिरवा चहा, आणूनही कप कडूजहर लागत असेल, तर आधी पाण्याचं तापमान बघा. उकळत्या पाण्यात कॅटेचिन (पत्तीतला तुरट-कडू घटक) आणि कॅफिन भराभर उतरतात, म्हणून कडवटपणा येतो. गोडसर चव देणारं थिॲनिन मात्र ७० अंशांनाही छान उतरतं.

थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की साधारण १० अंश उतरतं. असं दोन-तीनदा करा. १५० मिली पाण्याला ४ ग्रॅम पत्ती, एक मिनिट, झाकण ठेवून. ढवळायचं नाही, किटली हलवायचीही नाही. दोन कप असतील तर थोडं थोडं आलटून-पालटून ओता, म्हणजे दोन्हींत चव सारखी उतरते. शेवटचा थेंबसुद्धा निथळू द्या. किटलीत पाणी राहिलं की दुसरा घाणा बिघडतो. दुसऱ्या वेळी पाणी जरा गरम, आणि वेळ फक्त १०-१५ सेकंद, कारण पत्ती आधीच उमललेली असते. फुकामुशी, म्हणजे जास्त वाफवलेला सेंचा, बारीक तुटलेला असतो. त्याला पहिल्यांदाही ३०-४० सेकंद पुरे.

बोअरचं जड पाणी वापरू नका, चहा सपक लागतो.

घेताना (फुकामुशी सोडून) पत्ती सुईसारखी वळलेली, गडद हिरवी, चकचकीत हवी. पिवळट, भुगा झालेली नको. पाकिटावरच्या गावाच्या नावापेक्षा तोडणीचं वर्ष महत्त्वाचं: चहासाठी नावाजलेल्या जपानमधल्या उजीचा जुना माल घेण्यापेक्षा तिथल्याच कागोशिमा भागातला ताजा बरा. फ्रीजमधलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका, पत्तीला ओल लागते.