बालविवाह थांबवायचा आहे? आधी शाळेचं जनरल रजिस्टर गाठा

सांगलीतल्या जतच्या पूर्व भागात, साताऱ्यातल्या माण-खटावात किंवा उसाच्या फडावर एखाद्या दहावीतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर येतं आणि पहिला सल्ला मिळतो तो 'आईबापाला समजावून सांगा' असा. लग्न चार दिवसांवर आलेलं असताना हा सल्ला घातक आहे. समजावणारा उंबऱ्याबाहेर पडला की पाहुण्यांना फोन जातो आणि रविवारचं लग्न शुक्रवारी रात्रीच उरकतं. समजूत घालायची ती सोयरीक चालू असताना. तारीख ठरली की काम कायद्याचं, आणि ते गाजावाजा न करता करायचं.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ नुसार मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण लागतात. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडी सेविका त्याची सहायक. शहरात ही जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याची. 'हे माझ्याकडं येत नाही' असं ग्रामसेवकाला म्हणता येत नाही.

१. फोन करा

१०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. पोलीस लगेच हवे असतील तर ११२. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकार शब्द टाकू नका.

२. माहिती नेमकी द्या

मुलीचं पूर्ण नाव, शाळा व इयत्ता, वडिलांची वस्ती किंवा मळा, नवऱ्या मुलाचं गाव, लग्नाची जागा आणि वेळ. पत्रिका छापलेली नसते म्हणून थांबू नका. 'नुसता साखरपुडा आहे' असं सांगून साखरपुड्यातच लग्न लावण्याची पद्धत दोन्ही जिल्ह्यांत सर्रास आहे. मंडपवाल्याकडं किंवा आचाऱ्याकडं किती पानांची ऑर्डर आहे ते विचारलं की अंदाज येतो.

३. वयाचा पुरावा

सगळी कारवाई इथं अडते. ग्रामसेवक, पोलीस, अंगणवाडी ताई असे सगळे दारात उभे राहतात, मुलीचा मामा खिशातून आधार कार्ड काढतो, त्यावर १८ वर्षं दोन महिने असतात आणि पथक चहा घेऊन परत जातं. आधारवरच्या तारखेवर विसंबून कधीही माघारी फिरू नका. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली आहे.

वय कसं ठरवायचं याचा क्रम बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये आहे आणि तो पाठच असायला हवा. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला. ही दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, आणि तीही बाल कल्याण समितीच्या किंवा बाल न्याय मंडळाच्या आदेशानं, १५ दिवसांत. खासगी डॉक्टरच्या लेटरहेडवरचा 'वय अंदाजे १९' हा दाखला या क्रमात कुठंच बसत नाही. तहसीलबाहेर टाइप केलेलं प्रतिज्ञापत्रही नाही. घरचे 'एक्स-रे काढू' म्हणाले आणि शाळेची नोंद हातात असेल, तर मान्य करू नका. हाडांच्या तपासणीत दोन वर्षांचा फरक सहज पडतो, सोळा-साडेसोळाची मुलगी त्यात अठराची ठरू शकते.

आता शाळा कोणती, हा प्रश्न. मुलगी जिथं पहिलीत बसली ती. माध्यमिक शाळेतली तारीख आधीच्या दाखल्यावरून उतरवलेली असते आणि मधल्या टप्प्यात घोळ करायला वाव असतो. म्हणून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाची नोंद होते ती वही, उघडायला लावा आणि नोंद स्वतः डोळ्यांनी पाहा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिलेली असते, ती जुळते का? खाडाखोड, वेगळी शाई, वरून गिरवलेला आकडा आहे का? मग प्रवेशाची तारीख बघा. पहिलीत येताना मूल साधारण सहा वर्षांचं असतं. नोंदीनुसार ती नऊ वर्षांची निघत असेल, तर तारीख मागाहून बदलल्याचा संशय घ्या आणि वरच्या-खालच्या क्रमांकाच्या मुलांच्या तारखांशी ताडून पाहा.

मुख्याध्यापक तोंडी मागितल्यावर या नोंदीचा उतारा देणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. ग्रामसेवकाचं किंवा पोलीस ठाण्याचं लेखी पत्र न्या. उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक, प्रवेश दिनांक, अंकी-अक्षरी जन्मतारीख, मुख्याध्यापकांची सही, शाळेचा गोल शिक्का आणि जावक क्रमांक हे सगळं पाहिजे. जावक क्रमांक नसलेल्या कागदावर पुढं हमखास शंका काढली जाते. लग्नं बहुतेक रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवतात, तेव्हा शाळेला कुलूप आणि मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी. त्यामुळं खबर बुधवारी लागली तर उतारा गुरुवारीच हातात घ्या. शनिवारी दुपारनंतर धावाधाव करून काही मिळत नाही.

मुलगी शाळेतच गेली नसेल तर जन्मनोंद शोधा, पण वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीत शोधून 'नोंद नाही' असा शेरा घेऊन येऊ नका. जन्माची नोंद मूल जन्मलं तिथं होते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आईचं माहेर कुठलं आणि बाळंतपण घरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात की मिरजेच्या सरकारी दवाखान्यात, हे आजीला विचारा. मिरजेत जन्मलेल्या बाळाची नोंद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडं सापडेल. अंगणवाडीतलं लसीकरणाचं कार्ड कायद्याच्या क्रमात पुरावा म्हणून चालत नाही, पण जन्माचं ठिकाण त्यावरून कळतं. फडावरच्या टोळीतली मुलगी असेल तर तिच्या मूळ गावच्या शाळेला फोन लावून उतारा मागवा. कारखान्याच्या किंवा मुकादमाच्या यादीतल्या वयाला काही अर्थ नाही, ऊसतोडीच्या कोयत्यासाठी नवराबायकोची जोडी हवी म्हणून तिथं वय वाढवूनच लिहिलेलं असतं.

४. हळदीच्या आधी पोहोचा

एकदा अंगाला हळद लागली की 'हळदीची पोर घरात कशी ठेवायची' म्हणून अख्खी भावकी हट्टाला पेटते. आदल्या दिवशी गेलात तर वाद निम्म्यानं कमी होतो. मुलीशी बाईमाणसानं एकटीशी बोलावं, आईसमोर नाही. 'तुला लग्न करायचंय का' हा प्रश्न दबावाखालच्या मुलीला निरुपयोगी आहे. 'आज रात्री कुठं झोपायला तुला भीती वाटणार नाही' हे विचारा.

पालकांना, भटजींना, कार्यालयाच्या मालकाला दोन वाक्यांत सांगा: लग्न लावणारा, ठरवणारा, होऊ देणारा, हजर राहणारा असे सगळे गुन्ह्यात येतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. बायकांना मात्र या कायद्यात कैदेची शिक्षा नाही, त्यामुळं आईला तुरुंगाची भीती घालू नका.

५. हमीपत्रावर थांबू नका

'मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही' असं लिहून घेतात, फोटो निघतो, पथक परततं. पुढं आठवड्याभरात तेच लग्न सीमेपलीकडं अथणी किंवा विजयपूर भागातल्या नातेवाइकाच्या दारात लागतं. हमीपत्र जरूर घ्या, पण त्याच्याबरोबर दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत.

एक म्हणजे बाल कल्याण समिती. लग्नाचा धोका असलेलं मूल बाल न्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं. त्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीसमोर हजर करायचं असतं. बैठक नसेल तर एका सदस्यासमोरही चालतं. मुलीला रात्रभर पोलीस ठाण्यात बसवायचं नाही. घरी पाठवायचं, नातेवाइकाकडं की बालगृहात, हे समिती ठरवते.

दुसरी म्हणजे बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १३ चा मनाई हुकूम, आणि तो फार कमी लोक मागतात. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, म्हणजे जतच्या किंवा वडूजच्या न्यायालयातही होतो. ग्रामसेवकच पाहिजे असं नाही, लग्नाची प्रत्यक्ष माहिती असलेली कोणीही व्यक्ती तक्रार करू शकते. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम हुकूम मिळतो. अर्जात फक्त आईबाप घालू नका. नवरा मुलगा, त्याचे आईवडील, पुढाकार घेणारा मामा, कार्यालयाचा मालक हे सगळे नावानिशी घाला आणि 'अमुक कार्यालयात' असं न लिहिता 'कोणत्याही ठिकाणी' लग्न लावण्यास मनाई मागा, नाहीतर ते फक्त जागा बदलतात. हुकूम असताना लग्न लावलं तर कलम १४ नुसार ते मुळातच रद्दबातल. हुकूम नसताना लागलेलं लग्न महाराष्ट्रात तसं आपोआप रद्द होत नाही, मुलीला स्वतः जिल्हा न्यायालयात जावं लागतं. उताऱ्याइतकाच हा कागद का महत्त्वाचा, ते यावरून कळेल.

६. लग्न लागून गेलं असेल तर

मुलीला वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न रद्द करून मागता येतं. सासरी नांदायला गेली असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) हाही लागू होतो आणि ते माहीत असूनही न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

७. नंतरचं

फोटो, नाव, गाव, शाळा काहीही पेपरला किंवा फेसबुकवर देऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि लग्न मोडलेली मुलगी म्हणून बोट दाखवलं जातं ते तिच्याकडंच. सोमवारी ती शाळेत आली का, हे वर्गशिक्षकांना विचारा. सलग तीन दिवस गैरहजर दिसली तर पुन्हा १०९८. घरात बाप नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात बाल संगोपन योजनेचा अर्ज त्याच आठवड्यात भरून द्या. योजनेला नाव सावित्रीबाईंचं आहे आणि त्यांचं नायगाव इथंच, खंडाळा तालुक्यात. हमीपत्राच्या वर मुलीला १८ पूर्ण होण्याची तारीख ठळक लिहून घ्या. एक प्रत ग्रामसेवकाच्या दप्तरात, एक अंगणवाडीत ठेवा, आणि त्या तारखेपर्यंतच्या प्रत्येक अक्षय्य तृतीयेच्या आधी त्या घरी एक फेरी मारा.