यादी खिशात, बाजार डोक्यात

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घरी आल्यावर कळतं, माशाच्या कालवणात घालायची मसाल्याची तिरफळं राहिलीच! साठीनंतर हे वारंवार होत असेल तर यादी पुन्हापुन्हा वाचू नका, न बघता आठवा. वाचण्यापेक्षा आठवण्याने स्मरण अधिक पक्कं होतं.

१. यादी हाताने लिहा. सुरुवातीला ७ जिन्नस पुरे. दुकानांपेक्षा पदार्थाप्रमाणे गट बरा: बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे कालवणाला, बांगडे, नारळ, आमसुलं, तिरफळं. एक आठवलं की दुसरं मागून येतं.

२. कागद खिशात टाका. १ मिनिटाने सगळी यादी मनात म्हणा, मग ५ मिनिटांनी, मग बसमधून उतरताना.

३. अडलं तर अर्धा मिनिट थांबा, पदार्थ आठवून बघा. तरी नाहीच आठवलं तर कागद काढा आणि पुढच्या खेपेला सुरुवात त्याच जिनसापासून करा.

४. बाजार सोडण्याआधी कागद उघडून ताळा करा. ही पायरी गाळली तर तिरफळांसाठी पुन्हा फेरी.

दोन बाजार बिनचूक झाले की २ जिन्नस वाढवा. पहिल्याच दिवशी १५ घेतले की कंटाळा येतो आणि सगळंच सुटतं. जमल्यास मासळीवालीच्या आधी बेरीजही करून बघा, हरालच बहुधा.

औषधांवर मात्र हा प्रयोग नको. गोळ्यांना वारांच्या कप्प्यांची डबीच हवी. विसरणं अचानक वाढलं किंवा ओळखीची वाट चुकू लागली तर डॉक्टरांना दाखवा. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडही कारण असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.