गुदद्वाराच्या ऑपरेशननंतरची जखम: घरचं ड्रेसिंग आणि कोलॅजनची शीट

भगंदर म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत झालेली पू वाहणारी नळी. तिचं ऑपरेशन झालं की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, टाके कधी काढणार?" बहुतेक वेळा टाके नसतातच. जखम मुद्दाम उघडी ठेवलेली असते. त्या जागेवरून रोज शौच जाणार, म्हणजे ती पूर्ण निर्जंतुक राहणं शक्य नाही. वरून शिवून टाकली तर आत पू कोंडतो. म्हणून ती तळापासून वर भरत यायला हवी. साधारण चार ते आठ आठवडे लागतात, मोठं भगंदर असेल तर त्याहून जास्त. मूळव्याधीचे मोड कापून जागा उघडी ठेवली असेल तरी हिशोब साधारण तोच, फक्त जखम उथळ असते.

मी बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, आता घरी जाऊन ड्रेसिंग करते. हल्ली बऱ्याच घरांत कोलॅजनच्या, म्हणजे कातड्यातल्या प्रथिनाच्या, शीटचं पाकीट आधीच आणून ठेवलेलं असतं आणि सगळी भिस्त त्याच्यावर असते. शीट चांगली आहे, पण ती अस्वच्छ जखमेवर लावली तर पैसे पाण्यात. म्हणून आधी स्वच्छतेचं बोलू.

टबात कोमट पाणी घ्या, कोपर बुडवून सोसेल इतकंच गरम. त्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचाला जाऊन आल्यावर हमखास. पाण्यात डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटी काही घालू नका. नवीन मांस त्याने जळतं आणि आग होते ती वेगळीच. हळद लावायला सांगणाऱ्या मावशी प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्या, हळद डब्यात राहू द्या.

जुना गॉज (जखमेवरची जाळीदार पट्टी) ओढून काढायचा नाही, हे मी दारातूनच सांगते. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी घ्या आणि गॉजसकट टबात बसा. भिजला की तो आपोआप सुटतो, न सुटल्यास आणखी पाच मिनिटं बसा. मग डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाशी. दुसऱ्या माणसाने मोबाइलचा टॉर्च धरायचा. तळ लालसर गुलाबी आणि बारीक कणीदार दिसला तर जखम छान भरतेय. पांढरट पिवळा बुळबुळीत थर असेल तर सलाइनने धुवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. नवा गॉज सैल ठेवायचा, नुसता जखमेचे काठ एकमेकांना चिकटू नयेत इतका. पूर्वी आम्ही ठासून भरायचो. त्याने दुखतं जास्त, फायदा काही दिसत नाही.

आता शीटकडे वळू. ती जैविक ड्रेसिंगमधली. जैविक ड्रेसिंग म्हणजे प्राण्याच्या किंवा माणसाच्या ऊतीपासून (टिश्यूपासून) केलेलं आवरण. आपल्याकडे जास्त चालतं ते कोलॅजन, बहुधा गुरांच्या कातड्यापासून काढलेलं, माशांपासूनचंही मिळतं. ते कशाचं आहे हे लावायच्या आधीच विचारा. माझे एक माळकरी काका होते, त्यांनी स्वच्छ सांगितलं, "बाई, गाईचं नको." डॉक्टरांनी साधं ड्रेसिंग चालू ठेवलं आणि काकांची जखम भरली. माशाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगायला हवं. दुसरा प्रकार गर्भाच्या वेष्टनाचा, म्हणजे ॲम्निऑनचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी, म्हणजे अशा ऊती जपून ठेवणारी बँक, आहे. तिथे हे पातळ पडदे वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. मुंबईनेच आणखी एक प्रयोग केला आहे: परळच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली. ती भाजल्याच्या जखमांसाठी आणि रुग्णालयात निर्जंतुक केलेली होती. स्वयंपाकघरातली साल या जागी लावायची नाही.

शीट लावणं डॉक्टरांचं किंवा शिकलेल्या सिस्टरचं काम, पण काय चाललंय हे पेशंटला कळलेलं बरं. पू, मेलेला काळपट थर किंवा वाहतं रक्त असेल तर लावत नाहीत. ओल्या प्रकारची शीट टिकवण्याच्या द्रवात बुडवलेली असते, ती सलाइनमध्ये नीट धुवावी लागते. नाहीतर पेशंट किंचाळतो. मग जखमेच्या आकाराची कापून तळाला टेकवायची आणि ओल्या बोटाने खालचे हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. वर पसरली आणि खाली पोकळी राहिली तर काही उपयोग नाही. खोल खड्ड्यासाठी कोलॅजनची भुकटी मिळते, ती बरी पडते. पाकीट एकदा फोडलं की उरलेला तुकडा फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरायचा नाही.

दोन-तीन दिवसांत शीट विरघळून पिवळसर जेलीसारखी दिसते. लोक घाबरून फोन करतात, "पू झालाय." नुसती जेली असेल, वास नसेल, ताप नसेल, ठणका वाढत नसेल तर ते कोलॅजनच आहे. खरवडू नका. टबात कधीपासून बसायचं हे शीट लावणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे. शौचाबरोबर शीट सरकून बाहेर आली तर परत चिकटवू नका, जागा मगाने हलक्या हाताने धुवा आणि साधा गॉज ठेवा. आणि शीट लावली म्हणून भगंदर उलटणार नाही असं समजू नका. ते आतली नळी पूर्ण निघाली की नाही यावर ठरतं. किंमतही आधी विचारून घ्या आणि विमा ती देतो का तेही.

शौच मऊ ठेवणं हे शीटपेक्षा मोठं काम. दुखेल म्हणून जेवण सोडणारे पेशंट मला सगळ्यात जास्त छळतात. जेवण कमी झालं की शौच कडक होते आणि जखम भरायला लागणारं प्रथिनही मिळत नाही. मुगाची उसळ, वरण, अंडं, पालेभाजी, भाकरी सगळं खा, ठेचा तेवढा थांबवा. रात्री इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. कमी पाण्यात घेतलं तर उलट कोंडतं. मधुमेह असेल तर साखर रोज मोजा, नाहीतर महागातली शीटही काही करू शकत नाही.

जखमेतून पाण्यासारखी लस येत राहते, त्यासाठी सॅनिटरी पॅड वापरा. पुरुषांना मेडिकलमध्ये मागायला लाज वाटते. बायकोला किंवा मुलीला पाठवा, पण वापरा. हवेची रिंग घेऊन बसू नका, त्याने जागेवर ताण येतो आणि सूज वाढते.

शौचाच्या वेळी रक्ताचे चार थेंब चालतात. गाठी पडू लागल्या, चक्कर आली, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर सकाळची वाट बघायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान अचानक रक्तस्राव होऊ शकतो, त्या दिवसांत लांबचा प्रवास आणि मोटरसायकल टाळा.

कधी जखम वरून मिटलेली दिसते आणि दाबलं की आतून लस येते. वर कातडी जुळली, खाली पोकळ राहिली. अशा वेळी घरच्यांनी बोट घालून बघू नये, डॉक्टरांकडे जावं. दोन महिने उलटूनही भरत नसेल तर शीटवर शीट लावत बसण्यापेक्षा कारण शोधायला लावा. आपल्याकडे क्षयरोग लपलेला निघतो, क्वचित आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा क्रोन आजारही. ऑपरेशनच्या वेळी काढलेला तुकडा तपासणीला पाठवला होता का, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. पाठवला असेल तर तो रिपोर्ट मागून घ्या आणि पुढच्या भेटीला सोबत न्या.