टॉर्चमध्ये स्वस्त एलईडी मॉड्यूल बसवताय? आधी सेल आणि चार्जर तपासा

मराठवाड्यात शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. हरभऱ्याला, उसाला पाणी द्यायचं तर अंधारातच दारं धरावी लागतात. बांधावर घोणस किंवा मण्यार असली तर ती वेळेत दिसायला हवी, म्हणून टॉर्चही दमदार लागतो. मग घरातल्या जुन्या टॉर्चमध्ये ऑनलाइन मागवलेलं किंवा आठवडी बाजारातून आणलेलं एलईडी मॉड्यूल, म्हणजे बल्बच्या जागी बसणारी एलईडीची तयार चकती, टाकलं जातं. उजेड खरंच वाढतो. अडचण येते ती मॉड्यूल, सेल आणि चार्जर यांचा एकमेकांशी मेळ नसल्यावर.

सुरुवात टॉर्च उघडण्यापासून. भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट खुपसायचा, आतून पिना बाहेर येणारा चार्जिंगचा टॉर्च असेल तर तो सॉकेटमधून काढल्याशिवाय त्याचा एकही स्क्रू सोडवू नका. अशा बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. फक्त एक कपॅसिटर आणि चार डायोड असतात. म्हणजे चार्जिंग चालू असताना आतली बॅटरी, बटण, एलईडी सगळं २३० व्होल्टच्या लाईनला जोडलेलं असतं. मॉड्यूल बसवल्यावर "चार्जिंगला लावूनच बघू पेटतो का" असं करणारे बरेच असतात. तसं करू नका. बाहेर काढल्यावरही पिनांना लगेच बोट लावू नका, कपॅसिटरमध्ये थोडा वेळ करंट राहू शकतो.

आता आत काय आहे ते बघा आणि मल्टीमीटरने व्होल्टेज मोजा. मीटर नसेल तर गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळेल. साधे तीन सेल असतील तर ४.५ व्होल्ट. प्लास्टिकची चौकोनी लेड बॅटरी बहुतेक वेळा ४ व्होल्टची असते. एक लिथियम सेल फुल असताना ४.२ आणि दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, ८.४ व्होल्ट देतात. पांढऱ्या एलईडीला लागतात जेमतेम ३ व्होल्ट. हा फरक सांभाळायला मॉड्यूलमध्ये ड्रायव्हर सर्किट हवं, पण स्वस्तात बहुतेकदा एक रेझिस्टर टाकून काम भागवलेलं असतं. मॉड्यूल उलटं करून बघा. इवल्याशा गोल प्लेटवर एखादाच काळा ठिपका, म्हणजे नुसता रेझिस्टर, दिसत असेल, तर पाकिटावर "३ ते १८ व्होल्ट" छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

१४५०० नावाचा लिथियम सेल पेन्सिल सेलच्याच मापाचा असतो, पण १.५ ऐवजी ३.७ व्होल्टचा. दोन पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये असे दोन बसतात आणि ३ व्होल्टच्या जागी ८.४ व्होल्ट जातात. शिवाय साध्या बल्बला प्लस-मायनस नसतं, एलईडीला असतं. सेल उलटे पडले तर मॉड्यूल पेटत नाही किंवा ड्रायव्हरच जळतो.

उष्णतेचं गणितही वेगळं आहे. बल्बची उष्णता बरीचशी उजेडासोबत समोर निघून जाते. एलईडीची मागच्या बाजूने धातूतूनच बाहेर पडते, नाहीतर आत साठते. प्लास्टिकच्या टॉर्चला जास्त वॅटचं मॉड्यूल झेपत नाही. ॲल्युमिनियमची बॉडी असेल तर मॉड्यूल घट्ट टेकलंय का बघा आणि मध्ये थर्मल पेस्ट (उष्णता धातूकडे नेणारी पेस्ट) लावा. नुसत्या गोंदाने चिकटवलेला एलईडी थोड्याच वेळात निळसर पडतो.

खरा धोका मात्र याच्या पुढच्या पायरीला आहे. नवा एलईडी जास्त करंट ओढतो, लेड बॅटरी लवकर उतरते, मग कुणीतरी जुन्या पॉवर बँकेतून किंवा लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला १८६५० नावाचा लिथियम सेल तिच्या जागी जोडतो. चार्जर तोच जुना राहतो. लिथियम सेलला ४.२ व्होल्टवर चार्जिंग थांबायला हवं, आणि त्या कपॅसिटरवाल्या सर्किटला थांबणं ठाऊकच नाही. रात्रभर चार्जिंगला लावलेला असा सेल फुगतो, त्यातून गॅस सुटतो, आग लागते. टॉर्चची नळी बंद असल्याने गॅसला वाट मिळाली नाही तर स्फोटही होतो.

लिथियम टाकायचाच असेल तर जुनं चार्जिंग सर्किट पिनांसकट काढून टाका. तिथे प्रोटेक्शन असलेलं टीपी ४०५६ बोर्ड, म्हणजे लिथियम सेल चार्ज करणारं छोटं सर्किट, लावा, ते ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर चालतं. सेल 'बी' लिहिलेल्या टोकांना आणि मॉड्यूल 'आउट' लिहिलेल्या टोकांना जोडा. मॉड्यूलही 'बी'ला जोडलं तरी टॉर्च पेटतो, म्हणून चूक कळत नाही. पण मग सेल उतरला तरी बोर्ड त्याला तोडू शकत नाही. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, तो आतून शॉर्ट होऊ शकतो. नवा आणि जुना सेल एकत्र सिरीजमध्येही लावू नका. आणि १८६५० वर "९९०० एमएएच" छापलं असेल तर तो दुकानातच सोडा, या मापाचे चांगले सेलही साधारण ३५०० च्या आसपासच असतात.

शेवटी चाचणी. मोकळ्या अंगणात, हातात धरून पाच मिनिटं टॉर्च पेटवा, टॉर्चचं डोकं, म्हणजे एलईडीची बाजू, दर मिनिटाला चाचपा. हात ठेववत नसेल तर कमी वॅटचं मॉड्यूल आणा. झोत पोरांच्या किंवा समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांवर मारू नका. गोडसर वास आला, फुसफुस आवाज आला किंवा सेल तापत चालला तर टॉर्च मोकळ्या जागी टाकून लांब व्हा. धूर विषारी असतो, तो नाकात जाऊ देऊ नका. पाणी टाकायचं तर लांबून आणि भरपूर.

उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या पुढे सहज जातो. तेव्हा लिथियमचा टॉर्च पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका. घरात सावलीला, चार्जरमधून काढून ठेवा.