खान्देशात वावर घेतलंय? तार ओढण्याआधी वाट विचारा

कोकणातून बदलीवर जळगाव जिल्ह्यात आलो तो इथलाच झालो. यावल तालुक्यात थोडं वावर (शेत) आहे, घर आहे. मुलं अहिराणी आणि लेवा बोली दोन्ही बोलतात, मला अजून एकही धड जमत नाही. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी घरी येतं. कुणी बदली होऊन आलेलं, कुणी निवृत्तीनंतर इथेच राहायचं ठरवलेलं, कुणी सासरवाडीजवळ जमीन घेतलेलं. प्रश्न बहुतेक तोच: ‘तार मारायला घेतली आणि शेजारी आडवा आला, आता काय करू?’ म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. इथलं कुंपणाचं भांडण बहुधा कुंपणाचं नसतंच. ते वाटेचं असतं, नाहीतर पाण्याचं. कोकणात आम्ही जांभ्याचा गडगा घालतो, ये-जा करायला बेडं ठेवतो, ढासळलेले दगड पुन्हा रचतो. इथे जमीन काळी. मृगाचे चार पाऊस पडले की वावरात बैलगाडी रुतते, ट्रॅक्टरचं तर नावच नको. मग माल बाहेर काढायला बांधाकडेची गाडवाट तेवढी उरते. शेजाऱ्याच्या केळीची कापणी ठरलेली, व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर येऊन थांबलेली, आणि मधल्या वळणावर तुमचा सिमेंटचा खांब उभा. त्या माणसाचं वर्षभराचं उत्पन्न तुमच्या खांबाला अडलेलं असतं. तो ओरडणारच. आधीच्या मालकाने ती वाट कधी अडवली नव्हती आणि कागदावर कुठे चढवलीही नव्हती. गावात ती सगळ्यांना माहीत होती, तुम्हाला सोडून.

म्हणून जमेल तर एक हंगाम नुसतं बघा. कोण कुठून बैल आणतो, कुणाची पाईपलाईन तुमच्या बांधाखालून गेली आहे, पावसाचं पाणी कुठून उतरतं, मेंढरं कुठून शिरतात. कापूस निघाल्यावर मोकळ्या वावरात गुरं सोडण्याची इथे जुनी रीत आहे. तुम्ही एकदम चारी बाजूंनी तार ओढली की ती रीत तुमच्यापाशी तुटते. तोडू नका असं म्हणत नाही. तोडताय हे माहीत असू द्या. पांझरेच्या काठी साक्रीकडे जमीन घेतली असेल आणि ती फड बागायतीत (बंधाऱ्याच्या पाटाचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी पद्धत) येत असेल, तर पाटाच्या आणि त्यातून फुटणाऱ्या चाऱ्यांच्या कडेने पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फिरावंच लागतं. तिथे कुंपणाचा विचार सगळ्या फडाला विचारूनच करायचा.

कायदाही वाटेच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वावराला रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली दुसऱ्याच्या हद्दीवरून वाट मागता येते. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी न्यायचं असेल तर त्याच कायद्याचं कलम ४९. ही कलमं शेजाऱ्याच्या हातात जेवढी आहेत तेवढीच तुमच्याही हातात आहेत. नवखा माणूस नेमकं हेच विसरतो आणि एक तर उगाच घाबरतो, नाहीतर उगाच गुर्मीत राहतो.

आता रेषेकडे. शेतजमीन घ्यायला तुम्ही मुळात शेतकरी असावं लागतं, म्हणजे गावाकडचा सातबारा तुमच्याजवळ असणारच. तो वाचता येतो म्हणून इथलाही कळेल असं समजू नका. सातबारा क्षेत्र सांगतो, रेषा कुठून जाते ते सांगत नाही. रेषा गटनकाशात असते, त्याच्या मागे टिपण आणि फाळणी, म्हणजे जुन्या मोजणीचे मापांसकटचे कागद, असतात. सातबाऱ्यावर दोन-तीन भावांची नावं एकत्र असतील, पोटहिस्सा कधी मोजलेलाच नसेल आणि तुम्ही त्यातल्या एकाचा हिस्सा घेतला असेल, तर तुमचा शेजारी म्हणजे विकणाऱ्याचा रुसलेला भाऊ. तुम्ही जमिनीबरोबर भाऊबंदकीही विकत घेतली. मी पाहिलेल्या सगळ्यात चिवट शेजाऱ्यांमध्ये या भावांचा नंबर पहिला. त्याचा राग तुमच्यावर नसतो, पण सापडता तुम्हीच. अशी जमीन घेण्याआधी पोटहिस्सा मोजून, सातबारा वेगळा झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत. स्वस्तात मिळतेय असं दलाल म्हणेल. ती का स्वस्त आहे ते त्याला नेमकं ठाऊक असतं.

नंदुरबारकडे, शहादा-तळोदा पट्ट्यात एक गोष्ट आणखी. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी माणसाला परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘नंतर करून घेऊ’ म्हणणाऱ्याच्या चहालाही जाऊ नका.

मोजणी करून घ्या. अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात किंवा ऑनलाइन ई-मोजणीवर होतो, नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, फी त्याप्रमाणे. मागायची ती ‘हद्द कायम’ मोजणी. लगतच्या खातेदारांना कार्यालयाची नोटीस जाते, पण नोटिशीच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. घरी सरकारी कागद पहिल्यांदा आला की माणूस वकिलाकडे जातो, आणि तिथून त्याला परत आणणं अवघड. मोजणीचा दिवस उभ्या पिकात येणार नाही हे बघा. कापूस-ज्वारीवाल्याला होळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय तृतीया) वावर मोकळं मिळतं. केळीवाल्याची पंचाईत असते: मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबरच्या आसपास, आणि बाग वर्षभराहून जास्त उभी राहते. तुमचीच नाही, शेजाऱ्याचीही बाग बघावी लागते. दाट बागेतून नेम धरता येत नाही आणि भूकरमापक परत जातो. जुनी बाग निघाली आणि नवी लागायची आहे, एवढाच काळ तुमचा.

मोजणीच्या दिवशी मजूर, दगड, चुना तुम्हालाच न्यावे लागतात. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड पुरा, उद्यावर टाकू नका. जुनी माणसं दगडाखाली कोळसा टाकायला सांगतात. दगड कुणी उपटला तरी कोळसा कुजत नाही, जागा सापडते. टाका, खर्च काही नाही. फोटो काढा, लगतधारकांच्या सह्या घ्या आणि नंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्याशिवाय गप्प बसू नका. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागू शकतो, त्याही वर सुपर निमताना असते. तो त्याचा हक्क आहे, त्यावर चिडण्यात अर्थ नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मोजणीवाले हद्द दाखवतात, ताबा देत नाहीत. शेजाऱ्याकडे तुमचे पाच आर निघाले तर दगड तिथे लागेल, पण ती जमीन तो होऊन सोडत नसेल तर बहुधा दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा पोलीस ती काढून देणार नाहीत. आणि कधी कधी उलटंही निघतं: त्याचं तुमच्याकडे, तुमचं त्याच्याकडे. असा अदलाबदलीचा ताबा बारा वर्षांहून जुना असेल तर शासनाची २०२३ ची सलोखा योजना बघा. हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून दोघांचे दस्त सरळ होतात. मुदत चालू आहे का ते आधी दुय्यम निबंधकाकडे विचारा.

मोजणी झाली, आता बोलणी. संध्याकाळी जा, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसा, चहा नाकारू नका. वयाप्रमाणे आबा, आप्पा, जिभाऊ म्हणा. ओढूनताणून अहिराणी बोलू नका, ती लगेच उघडी पडते आणि हसू होतं. गावातला एखादा म्हातारा, ज्याचा शब्द तो मोडत नाही, त्याला बरोबर घ्या. मला एका आजोबांनी सांगितलं होतं, ‘बांध दोन्हीसना शे भो, एकलाना नही.’ म्हणजे बांध दोघांचा असतो, एकट्याचा नाही. बोलण्याची सुरुवात तारेपासून करू नका. ‘तुमची गाडी कुठून काढायची ते सांगा, तेवढी जागा सोडून मी खांब लावतो,’ इथून करा. रेषा सोडू नका, वाट द्या. एकीकडे फाटक ठेवलं आणि त्याची एक किल्ली त्याला दिली की निम्मी कुरबुर तिथेच मिटते.

ज्याच्याशी बोलताय तो मालकच आहे ना, हेही बघा. इथले बरेच खातेदार सुरत, पुणे, नाशिकला असतात आणि वावर बटाईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) दिलेलं असतं. वाटेकऱ्याने मान डोलावली म्हणजे मालकाने कबूल केलं असं होत नाही. फोनवर का होईना, मालकाशी बोला.

खर्चाचं म्हणाल तर दोन वाटा. तार पूर्णपणे स्वतःच्या हद्दीत, रेषेपासून थोडी आत घेतलीत तर खर्च तुमचा, दुरुस्ती तुमची, कटकटही तुमचीच आणि कमी. नवख्याला मी हेच सुचवतो. नेमकी रेषेवर घ्यायची असेल तर दोघांची संमती आणि अर्धा-अर्धा खर्च, आणि ते लिहून ठेवायचं: खांब किती, तार कुठली, तुटली तर कोण जोडणार, कुणाचा ट्रॅक्टर खांबाला लागला तर पैसे कुणी द्यायचे, फाटक कुठे. आता शंभराचा नाही, पाचशेचा स्टॅम्प लागतो. दोन साक्षीदार घ्या, एक त्याच्या बाजूचा. या कागदाने जमिनीची मालकी बदलत नाही, पण पाच वर्षांनी ‘मी कधी म्हटलं होतं?’ हे ऐकावं लागत नाही. दोघांपैकी कुणाचा सालदार (वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी) आखाजीला बदलला तर नव्याला रेषा आणि फाटक दाखवून द्या. निम्मे घोटाळे मालकांचे नसतात, ज्याला कुणी काही सांगितलेलं नसतं अशा गड्याचे असतात.

काळ्या जमिनीत खांब वाकतात. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसात माती फुगते आणि वरवर पुरलेला खांब कलंडलेल्या दारुड्यासारखा शेजाऱ्याच्या वावरात झुकतो. मग तो म्हणतो, तुम्ही हद्द सरकवली. जमेल तिथे खड्डा मुरूम लागेपर्यंत घ्या, नाहीतर खड्ड्यात मुरूम आणि काँक्रीट भरा, कोपऱ्याच्या खांबांना तिरपे टेकू द्या. भिंत बांधणाऱ्याने तर मुरमापर्यंत गेल्याशिवाय पाया घालूच नये.

बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण स्वस्त पडतं, पण उन्हाळ्यात शेजारी बांधावर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटवतो तेव्हा ते आधी जातं आणि तुमच्या ठिबकच्या नळ्या सोबत नेतं. केळीला वाऱ्यापासून आडोसा म्हणून शेवरी किंवा गजराज गवत लावणार असाल तर रेषेपासून चांगलं आत लावा. सावली आणि मुळं हद्द मानत नाहीत. त्याच्या झाडाची फांदी तुमच्याकडे आली तर आपल्या बाजूने छाटता येते, पण आधी सांगून. बांधावरचा साग, आंबा, चिंच, मोह, अंजन हे मात्र परवानगीशिवाय तोडू नका, तुमच्या हद्दीत असले तरी.

सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरं आणि रोही (नीलगायी) फार. म्हणून कुणी तारेत लाईनची वीज सोडायचा सल्ला देईल. ऐकू नका. रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस त्यात मरतो आणि तुमच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. सौर झटका यंत्र वेगळं, ते चालतं. फलक लावा आणि शेजाऱ्याच्या पोरांना दाखवून ठेवा.

हे सगळं करूनही काही माणसं वळत नाहीत. रोटाव्हेटरचा एक फेरा दरवर्षी बांधात घालणारे, बांध कोरणारे, सगळीकडे असतात. त्याच्या बांधात आपला नांगर घालून वचपा काढायचा मोह आवरा, नाहीतर पंचनाम्यात दोघंही सारखेच दिसता. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४० प्रमाणे हद्दीच्या खुणा नीट ठेवणं प्रत्येक जमीनधारकाची जबाबदारी आहे, म्हणजे ‘दगड गेला, मला काय माहीत’ हे तुम्हालाही म्हणता येणार नाही. पेरणीआधी दगडांचे फोटो दरवर्षी काढा. पोलीस पाटलाला सांगा, गावची तंटामुक्त समिती जागी असेल तर तिथे बसा. २००७ पासून ती मोहीम आहे. काही गावांत समिती खरंच बसते, काहींत नुसता फलक उरला आहे. पोलीस ठाण्यात ‘दिवाणी बाब आहे’ असं ऐकायला मिळेल आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. मारामारी किंवा धमकी असेल तरच तिथली वाट धरा.

ताबाच काढून घेतला असेल तर वेळ घालवू नका. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा केला तर मालकीच्या खोलात न जाता ताबा परत मागता येतो. आणि बारा वर्षं कुणी उघडपणे आपलं म्हणून कसत राहिला तर तुमचा दावाच बुडू शकतो. ‘राहू दे, दोन फुटाने काय होतं’ असं दरवर्षी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

गावठाणात घर घेतलेल्यांसाठी थोडक्यात. जुनी धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं एका सामाईक भिंतीवर टेकलेली असतात. तुम्ही तुमचं पाडून स्लॅब टाकायला घेतलात की शेजारच्या मातीच्या भिंतीला तडा जाणार, हे धरूनच चाला. पाडण्याआधी त्याच्या घराचे आतून-बाहेरून फोटो, त्याच्याच समोर. स्वतःची भिंत स्वतःच्या जागेत वेगळी उचला, पावसाचं पाणी त्याच्या अंगणात पडणार नाही असा उतार द्या. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नाही. ड्रोन मोजणीनंतर तुमच्या गावात मालमत्ता पत्रकं निघाली असतील तर तुमचं काढून त्यावरचा नकाशा जागेशी ताडून बघा, आणि काही चुकलं असेल तर हरकत बांधकाम सुरू व्हायच्या आधी द्या.